पंप ट्रॅकवर पहिल्यांदा जाताय? मग आधी पायी एक चक्कर मारा

पहिल्या दिवशी मी काय केलं ते आधी सांगते, म्हणजे तुम्ही तेच करणार नाही. लेकाला घेऊन पार्कात गेले होते, तो गेला छोट्यांच्या ट्रॅकवर, आणि मला वाटलं आपल्याला काय, सायकल तर येतेच, शाळेपासून चालवतोय, म्हणून सरळ मोठ्या ट्रॅकवर शिरले, जोरजोरात पायडल मारत दोन उंचवटे पार केले, तिसऱ्यावर पायडल खाली घासलं, घाबरून ब्रेक दाबला आणि बरोब्बर उंचवट्याच्या माथ्यावर एक पाय टेकून उभी राहिले. मागून सात-आठ वर्षांचं एक पोरगं येत होतं, ते कसंबसं बाजूने निसटलं आणि जाता जाता ओरडलं, "काकू, मध्ये थांबायचं नसतं!"

खरं सांगायचं तर नवशिक्याला जे कळायला हवं ते जवळपास सगळं त्या चार शब्दांत आलं. मध्ये थांबायचं नसतं, आणि न थांबता, पायडल न मारता एक पूर्ण फेरी झाली पाहिजे. एवढंच टार्गेट ठेवा. जंप बिंप सगळं नंतर.

आधी हे काय प्रकरण आहे ते

शहरातल्या अशा पार्कात साधारण दोन भाग असतात आणि नवीन माणूस दोन्हीत गल्लत करतो. पंप ट्रॅक म्हणजे गोल फिरून परत सुरुवातीला येणारी वाट, तिच्यावर एकापाठोपाठ एक गुळगुळीत उंचवटे (त्यांना रोलर म्हणतात) आणि वळणांवर भिंतीसारखे तिरपे उचललेले कठडे (त्यांना बर्म). मातीचा असेल किंवा डांबराचा. डांबरी ट्रॅक जगभर पसरले त्यात क्लाउडिओ कालुओरी या स्विस माजी डाउनहिल (म्हणजे डोंगरावरून खाली उतरायची सायकल शर्यत) रायडरच्या वेलोसोल्युशन्स कंपनीचा मोठा हात आहे, आणि आता तर याची वर्ल्ड चॅम्पियनशिपही होते, पहिली फायनल २०१८ मध्ये अमेरिकेत आर्कन्सामधल्या स्प्रिंगडेलला झाली होती. डांबरी ट्रॅकवर स्केटबोर्ड, स्केट्स, स्कूटरवालेही येतात, ती जागा त्यांचीही आहे, त्यामुळे "सायकलींच्या जागेत हे कशाला" असं तोंड करू नका.

दुसरा भाग स्किल्स पार्क. तिथे डोंगरातल्या ट्रेलवर जे काही भेटतं त्याचे छोटे नमुने मांडलेले असतात: लाकडी अरुंद फळी, दगडांचा पट्टा, ओंडका, छोटी पायरी उतरायचा ड्रॉप, टेबलटॉप जंप. चूक झाली तरी दरीत नाही, बाजूच्या गवतात पडता. अमेरिकेतल्या बोल्डर शहराचं वालमाँट बाईक पार्क २०११ मध्ये सुरू झालं, सुमारे ४० एकरांचं, सगळ्यांना फुकट, आणि तिथे अगदी बारक्या मुलांपासून स्पर्धावाल्यांपर्यंत सगळ्यांच्या वाटा वेगळ्या केलेल्या आहेत. तुमच्या शहरातलं पार्क त्याच्या शंभराव्या भागाएवढं असलं तरी काही बिघडत नाही, पंप ट्रॅकला मोठी जागा लागतच नाही.

सायकल कुठली न्यायची

जी आहे ती. म्हणजे ब्रेक नीट लागतात, सीट खाली होते आणि टायर अगदी रेसिंग सायकलसारखे बारीक नाहीत एवढं असलं तरी पुरे. आदर्श म्हणाल तर डर्ट जंप सायकल, २६ इंची चाकं, पुढे साधारण १०० मिमीचं कडक सस्पेन्शन, मागे काहीच नाही, एकच गिअर. किंवा २० इंची बीएमएक्स, म्हणजे छोट्या चाकांची कसरतीची सायकल. पण नव्या माणसाने लगेच खरेदीला धावू नका, आधी महिनाभर येऊन बघा आवडतंय का.

साधी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक असेल तर तीन गोष्टी करा. सीट पूर्ण खाली, म्हणजे लाज वाटेल इतकी खाली, कारण तुम्हाला बसायचंच नाहीये, उभं राहून गुडघे वाकवायला जागा हवी. सस्पेन्शनला लॉकआउट (ते दबू नये म्हणून कडक करायची कळ) असेल तर लॉक करा. का ते पुढे पंपच्या भागात कळेल, थोडक्यात तुम्ही खाली जोर लावता आणि तो जोर स्प्रिंग गिळून टाकते. आणि टायरात हवा ट्रेलपेक्षा जास्त. ट्रेलवर लोक २२-२५ पीएसआयवर चालवतात, डांबरी पंप ट्रॅकवर ३५-४० च्या आसपास बरं पडतं. फक्त टायरच्या बाजूला आणि रिमवर कमाल आकडा छापलेला असतो, दोन्हीतला जो कमी असेल त्याच्या वर जाऊ नका.

स्टँड काढून ठेवा. बाटली, बास्केट, कॅरिअरला लटकवलेली पिशवी, सगळं. खिशातल्या किल्ल्यासुद्धा, मांडीत किल्ली घुसली की काय होतं ते मी बघितलंय.

आणि हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं आहेत का बघा. हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. ग्रिप फाटून हँडलची उघडी नळी बाहेर आली असेल तर पडताना ती पोटात किंवा मांडीत घुसते, लहान मुलांच्या सायकलींवर तर हे सर्रास दिसतं. प्लास्टिकचं साधं बूच लागतं, पण ते नसेल तर त्या दिवशी ट्रॅकवर जाऊ नका. बाकी तपासणी नेहमीची: दोन्ही ब्रेक, चाकांचे नट किंवा क्विक रिलीज, आणि पुढचं चाक दोन पायांत पकडून हँडल फिरवून बघा, फिरलं तर स्टेमचे, म्हणजे हँडल पकडणाऱ्या भागाचे बोल्ट सैल आहेत.

अंगावर काय घालायचं

हेल्मेटवर वाद नको. आत ईएन १०७८ (युरोपचं सुरक्षा मानक) किंवा सीपीएससीचा (अमेरिकेचं) स्टिकर असलेलं चालतं, कपाळ झाकेल असं, भुवईच्या दोन बोटं वर, आणि हनुवटीचा पट्टा एखादं बोट जाईल इतका घट्ट. जंपा मारायला लागलात की फुल फेसचा, म्हणजे हनुवटीही झाकणाऱ्या हेल्मेटचा विचार करा. गुडघ्याचे पॅड आणि पूर्ण बोटांचे ग्लोव्हज घ्याच, कारण डांबरावर पहिलं सोलवटतं ते तळहात आणि गुडघे. सपाट तळव्याचे बूट, लेस आत खोचून. क्लिपवाले, म्हणजे बूट अडकवायचे पायडल घरी ठेवा, घसरताना पाय सुटा होणं इथे जास्त महत्त्वाचं आहे.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, इथे गुडघ्याला पॅड बांधूनही उतावळेपणा नडतो ही गोष्ट वेगळी.

सायकल बाजूला ठेवा आणि चाला

आता शीर्षकातली गोष्ट. ट्रॅकवर कोणी नसेल तेव्हा पायी एक फेरी मारा, गर्दी असेल तर कडेकडेने. लोक हे टाळतात कारण वेड्यासारखं दिसतं. पण चालताना पायांना जे कळतं ते बाहेरून उभं राहून डोळ्यांना कळत नाही: कुठला उंचवटा उभा आहे, कुठला लांबट, दोन उंचवट्यांमधलं अंतर कुठे अचानक कमी होतं, बर्मच्या तळाशी वाळू साठलीय का. डांबरावरची बारीक वाळू ही सगळ्यात फसवी, दिसत नाही आणि चाक असं सटकतं की पडल्यावरच कळतं. दिसली तर बुटाने बाजूला करा.

चालतानाच दिशा बघून ठेवा. बहुतेक ठिकाणी एकाच दिशेने जायचं असतं आणि बोर्डवर बाण असतो, काही ट्रॅक दोन्ही बाजूंनी चालतात पण एका वेळी एकच दिशा. बोर्ड नसेल तर पाच मिनिटं बाकीचे कुठून कसे जातात ते बघा. पार्कवाल्यांमध्ये इंग्रजीत तीन टप्प्यांचं एक वाक्य चालतं, त्याचा मतलब असा की पहिली फेरी ओळखीची, दुसरी तीच परत थोडी वेगाने, आणि मग तिसरीपासून मोकळं सुटायचं. मी त्याच्या आधी ही पायी चक्कर जोडलीय.

उभं कसं राहायचं

सपाट जागेवर शिका, ट्रॅकवर नाही. दोन्ही पायडल एका लेव्हलला, जमिनीला समांतर. एक पाय वर एक खाली ठेवलात की खालचं पायडल उंचवट्याला घासणार, माझं घासलं तसं. पायडलवर उभे राहा, टाचा किंचित खाली, गुडघे वाकलेले आणि थोडे बाहेर, कोपरं बाहेरच्या बाजूला काढलेली, छाती पुढे खाली. वजन हातांवर नाही, पायांवर. हात हँडलवर नुसते ठेवलेले. ओळखायची खूण सोपी आहे, उभ्या उभ्या बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवता आली तर वजन बरोबर पायांवर आहे.

ब्रेकवर एकच बोट, ठेवायचं फक्त, दाबायचं नाही. नजर पुढच्या चाकावर गेली की संपलं, दोन उंचवटे पुढे बघा. हे बोलायला सोपं आहे, मला पंधरा दिवस लागले.

आता मुख्य गोष्ट, पंप

पायडल न मारता सायकल पुढे कशी जाते हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. झोपाळा आठवा. उभ्याने झोका घेताना आपण काय करतो, टोकाला गेलो की गुडघे वाकवून खाली बसतो आणि झोका खालून जाताना उठतो, कोणी ढकललं नाही तरी झोका वाढत जातो. इथे तेच आहे. उंचवट्यांमधल्या खळग्यातून जाताना सायकल वर वळत असते म्हणून तुम्ही तेवढ्यापुरते जड होता, तिथे पाय आणि हात लांब करून सायकल खाली दाबायची. माथ्यावर तुम्ही हलके होता, तिथे अंग दुमडून सायकलला तुमच्याकडे वर येऊ द्यायचं. जड असताना उठायला जास्त ताकद लागते, हलकं असताना बसायला फारशी लागत नाही, आणि तुम्ही घातलेल्या ताकदीतला हा फरक वेग होऊन बाहेर येतो. आणि म्हणूनच मऊ सस्पेन्शन आणि कमी हवेचे टायर इथे नडतात.

करायचं कसं ते सांगते. सुरुवातीच्या चढावरून नुसतं सोडा, उतारानेच पहिला वेग मिळतो. पुढचं चाक उंचवट्यावर चढायला लागलं की हात ढिले सोडा, हँडल छातीकडे येऊ दे. माथ्यावर तुमचं डोकं फार वर खाली झालं नाही पाहिजे, सायकल वर आली, तुम्ही तिथेच. मग पुढचं चाक उतरणीला लागलं की हातांनी हँडल पुढे-खाली ढकला, आणि मागचं चाक उतरणीला लागलं की पायांनी तेच. म्हणजे एका उंचवट्यावर दोन वेळा दाब, आधी हातांनी, पाठोपाठ पायांनी. सुरुवातीला हे दोन्ही एकत्र होतं, होऊ द्या. आधी फक्त पायांवर लक्ष द्या, कारण खरी ताकद तिथेच आहे, हात आपोआप शिकतात.

नव्या माणसाच्या दोन चुका ठरलेल्या. एक म्हणजे चढावर दाबणं. चढावर दाबलं की ब्रेक लावल्यासारखं होतं, वेग तिथेच मरतो, आणि मग माणूस वैतागून पायडल मारायला लागतो. दुसरी म्हणजे घाई, उंचवटा येण्याआधीच उड्या मारल्यासारखं वर खाली होणं. ताल ट्रॅक ठरवतो, तुम्ही नाही. हळू जात असाल तर हालचाल सावकाश आणि मोठी, वेग वाढला की छोटी आणि झटपट.

एक युक्ती, जमायला लागल्यावर करायची: चेनच काढून टाका. म्हणजे पायडल मारायचा मोहच संपला. उतारावर चेनशिवाय काय होऊ शकतं ते २०१५ मध्ये ऑस्ट्रियात लिओगांगच्या डाउनहिल वर्ल्ड कपला दिसलं, अमेरिकेच्या एरन ग्विनची चेन सुरुवातीलाच तुटली आणि तरी तो रेस जिंकला. त्याला अख्खा डोंगर उतार होता हे मान्य, पण जिथे बाकीचे पायडल मारत होते तिथे तो फक्त पंप करत आणि वेग जपत आला. आपण एक फेरी तर मारू शकतो. बाय द वे, चेन काढली की कॉस्टर ब्रेकवाल्या, म्हणजे उलटं पायडल मारून थांबणाऱ्या मुलांच्या सायकलींना ब्रेकच राहत नाही, तिथे हा प्रयोग करू नका.

आणि दमाल. मला वाटायचं हा पोरांचा खेळ, दोन मिनिटांत धाप लागली आणि हातांच्या पुढच्या स्नायूंना पेटके. एका दमात दोन-तीन फेऱ्या, मग बाहेर येऊन तेवढाच आराम. दमलेल्या अवस्थेत शेवटची एक मारूया म्हणून जी मारली जाते ना, तिथेच लोक पडतात.

बर्म

वळणावर ब्रेक आत जायच्या आधी, आत गेल्यावर नाही. बर्मच्या मधोमध किंवा थोडं वरून आत शिरा, सायकल कठड्याच्या तिरपेपणाला साजेशी झुकवा, स्वतःला सरळ धरून हँडल फिरवत बसू नका. आणि मान वळवा, नुसते डोळे नाही, वळण जिथे संपतं तिकडे. मान वळली की खांदे, खांदे वळले की सायकल. बर्मच्या मध्यावर पायांनी दाबलं तर बाहेर पडताना आत शिरल्यापेक्षा जास्त वेगाने निघता, पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी मोठ्याने हसले होते. हळू असताना कठड्यावर फार वर मात्र जाऊ नका, वेग नसेल तर तो तुम्हाला धरून ठेवत नाही, सरळ खाली घसरता.

लोकांमध्ये कसं वागायचं

सुरुवातीच्या उंच जागेवर रांग असते, ती न दिसणारी असते पण असते. आपला नंबर आला की हात वर करून किंवा "जातेय" म्हणून सांगा आणि मगच सोडा. पुढचा माणूस निदान अर्ध्या ट्रॅकवर पोचू द्या. मागून जास्त वेगवान कोणी येतंय असं वाटलं तरी ट्रॅकवर बाजू देऊ नका, आपली रेषा धरून चला, ओलांडायचं कसं ते मागच्याने बघायचं, आणि फेरी संपली की लगेच बाहेर. पडलात तर आधी हात वर, मग सायकल उचला आणि कडेला.

लेकराला घेऊन येणाऱ्यांना एक विनंती: आपलं मूल बॅलन्स बाईकवर (बिनपायडलची छोटी सायकल) मोठ्या ट्रॅकवर सोडून फोन बघत बसू नका. आणि फोटो काढायला उतरणीच्या बाजूला उभे राहू नका, पलीकडून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही.

स्किल्स भागात

वाटांना रंग असतात. अमेरिकी पद्धतीत हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड. ब्रिटनमध्ये हिरवा, निळा, लाल, काळा असा क्रम आहे. तुमच्याकडे जे असेल ते, नवीन माणसाने हिरव्यापासून. आणि एक लक्षात ठेवा, काही वस्तू चाकं जमिनीवर ठेवूनही पार होतात आणि काही होत नाहीत. टेबलटॉप म्हणजे वर सपाट असलेली जंप, उडी कमी पडली तर त्या सपाट भागावर उतरता, फार काही होत नाही. डबल म्हणजे मध्ये खड्डा, तिथे कमी पडलात तर समोरच्या मातीत चाक. लांबून दोन्ही सारखेच दिसतात! म्हणून परत सांगते, आधी चाला.

अरुंद फळीवर चाकाकडे नाही, फळीच्या शेवटाकडे बघायचं, हलकंसं पायडल मारत आणि मागचा ब्रेक किंचित ओढत, त्याने तोल टिकतो. जमिनीलगतच्या फळीवर दहा वेळा झालं की मग उंच. ओलं लाकूड मात्र साबणासारखं, त्यावर जाऊच नका.

ड्रॉप फुटपाथच्या कडेएवढ्यापासून सुरू करा. काठावर आल्यावर ब्रेक दाबणं हीच ती क्लासिक चूक, पुढचं चाक खाली पडतं आणि तुम्ही हँडलवरून पुढे. वेग आधीच ठरवा, काठाशी हँडल पुढे ढकला, दोन्ही चाकं साधारण एकदम उतरू द्या, गुडघे-कोपरं वाकवून झेला.

जंप? पंप ट्रॅकवर पायडलशिवाय सलग दोन फेऱ्या होत नाहीत तोवर नको. पंप नीट जमला की एक दिवस उंचवट्याच्या माथ्यावर चाकं आपोआप सुटतात, त्यासाठी वेगळं धाडस करावं लागत नाही.

पडल्यावर

पडणार, ते गृहीत धरा. हात ताठ करून जमिनीवर टेकवायची सवय मोडा, मनगट आणि कॉलरबोन त्यानेच जातात. जमेल तितकं अंग गोळा करून खांद्याच्या मागच्या भागावर लोळा. डोक्याला मार बसला आणि नंतर डोकं दुखतंय, मळमळतंय, गरगरतंय, काय झालं ते नीट आठवत नाहीये, तर त्या दिवशी सायकल बंद आणि डॉक्टरकडे, "मी ठीक आहे" हे वाक्य त्या वेळी कोणाचंही मानू नका. आणि आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बाद, आतला फोम एकदाच दबतो.

पावसानंतर

डांबरी ट्रॅक वाळला की झालं. मातीचा ट्रॅक मात्र वेगळा. कडेला बोट दाबून बघा, किंवा सायकल दोन पावलं ढकलून मागे वळून बघा, टायरची खोल रेघ उठत असेल तर घरी जा. ओल्यात उठलेल्या रेघा वाळून दगड होतात आणि नंतर महिनाभर लोकांची चाकं त्यात अडकतात, आणि दुरुस्ती करणारे बऱ्याचदा आपल्यासारखेच फावडं घेऊन आलेले लोक असतात. खळग्यात पाणी साठलं असेल तर ते काढून टाकलेलं चांगलं, बऱ्याच पार्कांत कोपऱ्यात त्यासाठी झाडू ठेवलेला असतो. गेल्या पावसानंतर गेले तेव्हा तेच पोरगं खळग्यातलं पाणी काढत होतं. मला बघून दुसरा झाडू पुढे केला आणि म्हणालं, "काकू, तुम्ही बर्मच्या बाजूने या."